गोंडपिपरीची आकडेवारी कुठे सापडते?

चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला गोंडपिपरी तालुका आहे. पूर्वेला वैनगंगा, दक्षिणेकडे वर्धा. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा, वर्धेपलीकडे तेलंगणा. तालुक्याची हद्द संपते त्या भागातच या दोन नद्या एकमेकींना मिळतात आणि पुढे प्राणहिता म्हणून गोदावरीकडे जातात. पावसाळ्यात इथल्या माणसाचा प्रश्न साधा असतो. गावात दोन दिवस थेंब नाही, तरी आष्टीच्या पुलाजवळ पाणी का चढतंय, आणि अजून किती चढेल? याचं उत्तर द्यायचं तर भंडारा जिल्ह्यातल्या गोसेखुर्द धरणाचा विसर्ग, वरच्या खोऱ्यातला पाऊस, नदीवरच्या मोजणी केंद्रांवरची पातळी आणि आपल्या गावाची उंची या चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. चारही मोजल्या जातात, चारही सरकारी पैशाने मोजल्या जातात. फक्त त्या चार वेगळ्या खात्यांत, चार वेगळ्या साच्यांत आणि कधी कधी चार वेगळ्या तारखांखाली पडून असतात.

गेल्या पंधरा वर्षांत पर्यावरणाच्या नोंदी पडद्यावर बघणं खूप सोपं झालं आहे. रंगीत नकाशे आहेत, आलेख आहेत, मोबाइलवर अॅप आहेत. पण बघता येणं वेगळं आणि आपल्या संगणकावरून त्या साठ्याला जोडून घेऊन हवा तो काळ, हवं ते ठिकाण मागता येणं वेगळं. अभ्यासाला दुसरी गोष्ट लागते. गोंडपिपरीसारख्या तालुक्यासाठी ती आज कितपत शक्य आहे, याचा हा आढावा.

सुरुवात नदीपासून करायला हवी, कारण या भागातली सर्वांत भरघोस नोंद नदीचीच आहे. केंद्रीय जल आयोगाचं वैनगंगेवर आष्टीला केंद्र आहे. वर्धेवर वरच्या अंगाला घुग्गुस आणि बामणी आहेत, आणि खुद्द गोंडपिपरी तालुक्यात सकमूर आहे. संगमाच्या खाली, प्राणहितेवर, सिरोंचा तालुक्यात टेकरा आहे. म्हणजे दोन नद्या मिळण्याआधी दोन्हींवर आणि मिळाल्यानंतर एकत्रित प्रवाहावर मोजणी होते. जलविज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून चांगली मांडणी शोधून सापडणार नाही. या नोंदी ‘इंडिया-डब्ल्यूआरआयएस’ या संकेतस्थळावर येतात. जल आयोग आणि इस्रो यांनी ते उभं केलं, २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, आणि आता ते राष्ट्रीय जल माहिती केंद्राच्या देखरेखीखाली आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांच्या नोंदी सीमेपलीकडच्या देशांमुळे गोपनीय ठेवल्या जातात. गोदावरी खोऱ्याला ते बंधन नाही. त्यामुळे आष्टीचा जुना विसर्ग गोंडपिपरीच्या महाविद्यालयात बसलेला विद्यार्थीही उतरवून घेऊ शकतो.

अडचण पुढे येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. वर मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवरातून आणि मग गोसेखुर्दमधून पाणी सोडावं लागलं, आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. या पुराचा अभ्यास करायचा तर गोसेखुर्दच्या ३३ दरवाजांपैकी किती, कधी, किती उघडले होते ही नोंद तासागणिक लागते. ती त्या दिवसांत सर्वांच्या फोनवर होती. पूर नियंत्रण कक्षाचे संदेश आणि रोजचे पीडीएफ अहवाल गावोगाव फिरतात, लोक त्यावर विसंबतातही. पाणी ओसरलं की ते संदेश हरवतात. धरणाचा तासागणिक विसर्ग, मागच्या सगळ्या वर्षांचा, एका तक्त्यात मागता येईल असा दरवाजा सामान्य अभ्यासकासाठी नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे. मोजलेलं, कळवलेलं, वाचलेलं आणि तरीही न साठवलेलं.

पावसाच्या नोंदीत निराळा गुंता आहे. भारतीय हवामान विभागाचा चौकटींचा पाऊस १९०१ पासून रोजचा मिळतो आणि तो फुकट उतरवता येतो. पायथनमध्ये ‘आयएमडीलिब’ नावाची खुली लायब्ररी आहे, तिच्या चार-पाच ओळींत शंभर वर्षांचा पाऊस हातात येतो. पण एक चौकट पाव अंशाची, म्हणजे इथल्या अक्षांशावर साधारण २७ किलोमीटर बाजूची. अख्खा गोंडपिपरी तालुका अशा दोन-चार चौकटींत बसतो. एका बांधीत रोवणी चालू आणि दोन कोसांवर माती कोरडी, हा इथला अनुभव त्या आकड्यात दिसत नाही. महसूल मंडळाच्या पातळीवरची नोंद त्यासाठी लागते. राज्य सरकारने २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात स्कायमेट कंपनीबरोबर मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी केली. कृषी विभागाच्या ‘महारेन’वर मंडळाचा रोजचा पाऊस दिसतो. महावेधच्या मूळ नोंदी, म्हणजे थोड्या थोड्या वेळाने टिपलेलं तापमान, आर्द्रता, वारा, मात्र कुणालाही सहज जोडून घेता येतील अशा खुल्या नाहीत. पीकविम्याचे दावे ज्या आकड्यांवर ठरतात ते आकडे शेतकऱ्याला स्वतः तपासता येऊ नयेत, हे मला पटत नाही.

आणि पावसाची तारीख. हवामान विभागाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. २० जुलैच्या नावावर लिहिलेला पाऊस १९ च्या सकाळी साडेआठपासून २० च्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. उपग्रहावरून मिळणारा दैनिक पाऊस आंतरराष्ट्रीय वेळेच्या मध्यरात्रीपासून मोजतात, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेपाचपासून, आणि तो ज्या दिवशी सुरू झाला त्या तारखेखाली असतो. दोन्ही तक्ते तारखेवर जोडले तर जवळजवळ एका दिवसाची फट पडते. त्यात नदीचा विसर्ग सकाळी आठला मोजलेला. असे तीन रकाने डोळे मिटून शेजारी ठेवले की नदी पावसाच्या आधी चढलेली दिसते. अशा आलेखावरून धरणाला किंवा हवामान खात्याला दोष देणारे निष्कर्ष निघू शकतात, आणि त्यातली खरी चूक फक्त घड्याळाची असते. तक्ता जोडताना पहिला प्रश्न वेळेचा विचारावा. कोणत्या घड्याळाची वेळ, आणि तारीख अवधीच्या सुरुवातीची की शेवटाची?

हवेकडे वळलं की चित्र उलटं होतं. आकडे भरपूर, पण तालुक्याबाहेरचे. चंद्रपूर शहर आणि परिसर प्रदूषणासाठी देशभर ओळखला जातो. २००९ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले होते आणि देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत ते चौथं होतं. शहरात आज हवेच्या अखंड मापनाची दोन केंद्रं आहेत, एक चंद्रपूर आणि दुसरं खुटाळा एमआयडीसी. पीएम १०, पीएम २.५, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं, ओझोन यांच्या १५-१५ मिनिटांच्या सरासरी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साठ्यात जातात. याशिवाय राष्ट्रीय वायू मापन कार्यक्रमाखाली हाताने घेतलेले नमुने असतात. आठवड्यातून दोन वेळा, वर्षाला १०४ दिवस. जुनी तुलना करायची तर हीच मालिका उपयोगी पडते.

या साठ्याला जोडून घ्यायचे मार्ग तीन. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर जाऊन केंद्र, काळ, घटक निवडायचे, कॅप्चा भरायचा आणि फाइल उतरवायची. हे माणसाने एकदा करायला ठीक, यंत्राने रोज करायला निरुपयोगी. दुसरा मार्ग ‘डेटा डॉट जीओव्ही डॉट इन’वरच्या एपीआयचा. नोंदणी केली की किल्ली मिळते, आणि जेसन किंवा सीएसव्हीमध्ये देशभरच्या केंद्रांचे आकडे येतात. पण ते त्या तासाचे. कालचा आकडा मागितला तर तो तिथे नसतो. म्हणून ज्याला इतिहास हवा त्याने आजपासून स्वतःच्या यंत्रावर दर तासाला तो आकडा आणून साठवायला लागायचं. तिसरा मार्ग ‘ओपन-एक्यू’ या परदेशी ना-नफा संस्थेचा. ती जगभरच्या सरकारी केंद्रांचे आकडे २०१५ पासून गोळा करून खुले ठेवते आणि तिथे मागचे आकडेही मिळतात. मात्र ३१ जानेवारी २०२५ ला तिने एपीआयच्या पहिल्या दोन आवृत्त्या बंद केल्या. जुन्या पत्त्यावर लिहिलेले सगळे प्रोग्राम तेव्हा थांबले. दोष संस्थेचा नाही, तिने आधी कळवलं होतं. पण दुसऱ्याच्या दारातून आपल्या जिल्ह्याचा इतिहास आणायचा तर त्याची एक प्रत घरी ठेवायला हवी, एवढं यातून घ्यावं.

गोंडपिपरी मात्र चंद्रपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. केंद्रीय मंडळाच्या अखंड मापनाच्या यादीत इथलं केंद्र नाही. गडचिरोलीतल्या सुरजागडचं खाणकाम २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर लोहखनिजाचे ट्रक आष्टीमार्गे याच रस्त्यांवरून जाऊ लागले आणि धुळीबद्दल, अपघातांबद्दल लोकांनी वारंवार आवाज उठवला. ती धूळ कुठल्याही सार्वजनिक साठ्यात नाही. चंद्रपूरच्या केंद्राचा आकडा इथे लावणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. उपग्रह थोडी मदत करतो. २०१७ मध्ये सोडलेला युरोपचा सेंटिनेल-५पी रोज नायट्रोजन डायऑक्साइड मोजतो आणि औष्णिक केंद्रांच्या पट्ट्यावरची दाट छटा त्यात ठळक दिसते. पण त्याची चौकट काही किलोमीटरची आणि मोजमाप जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या पूर्ण स्तंभाचं. रस्त्याकडेच्या घरात बसलेली आई आणि तिचं लेकरू काय श्वासात घेतात, ते तो सांगू शकत नाही. त्यासाठी रस्त्यालगत मापक हवा. या रस्त्याच्या बाबतीत जोडणीचा प्रश्न मोजणीनंतर येतो.

कारखान्यांच्या चिमण्यांवरच्या मापकांचीही थोडी चर्चा हवी. २०१४ पासून १७ प्रकारच्या अति प्रदूषणकारी उद्योगांना अखंड उत्सर्जन मापक बसवणं बंधनकारक आहे आणि ते आकडे थेट राज्य आणि केंद्रीय मंडळाकडे जातात. लोकांना मात्र ते पूर्ण मालिकेच्या स्वरूपात सहज मिळत नाहीत. चिमणीचा आकडा आणि शहरातल्या केंद्राचा आकडा शेजारी ठेवता आला, तर चंद्रपूरच्या हवेवरच्या निम्म्या वादांचा निकाल लागेल.

जंगलाची आग हा मला या सगळ्यात सर्वांत शिकवणारा भाग वाटतो, कारण इथे जोडणी खरोखर सोपी आहे आणि अर्थ लावणं खरोखर अवघड. नासाच्या ‘फर्म्स’ या सेवेत ईमेल देऊन मोफत किल्ली मिळते. अक्षांश-रेखांशाची चौकट आणि दिवस दिले की आगीचे ठिपके सीएसव्हीमध्ये येतात. मोडिस या जुन्या संवेदकाचा ठिपका एक किलोमीटरचा, व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटरचा. उपग्रह वरून गेल्यानंतर साधारण तीन तासांत नोंद उपलब्ध होते. आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षण संस्था याच ठिपक्यांवर वनहद्दीचा नकाशा ठेवून ‘वन अग्नी’मार्फत वनकर्मचाऱ्यांना संदेश पाठवते. याच भागातलं कान्हारगाव अभयारण्य २०२१ मध्ये जाहीर झालं, सुमारे २६९ चौरस किलोमीटरचं. तिथल्या आगींचा दहा वर्षांचा नकाशा एखादा विद्यार्थी दुपारभरात काढू शकतो.

काढल्यावर मात्र थांबून विचार करावा लागतो. व्हीआयआयआरएसचे उपग्रह इथून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातात. नोंदीतली वेळ आंतरराष्ट्रीय असते. रात्री दीडची आग तक्त्यात आदल्या दिवशी २० वाजता लागलेली दिसते. सकाळी अकराला लागून दुपारपर्यंत विझलेली आग कदाचित दिसतच नाही. खात्रीचा रकाना मोडिसमध्ये शून्य ते शंभर, तर व्हीआयआयआरएसमध्ये कमी, साधारण, जास्त अशा तीन अक्षरांत. दोन्ही एकत्र केले की जुन्या वर्षांपेक्षा नव्या वर्षांत आगी वाढल्याचं दिसतं, आणि ती वाढ बरीचशी नव्या, बारीक नजरेच्या उपग्रहांची असते. बल्लारपूर, घुग्गुसच्या बाजूला भट्ट्या आणि कोळशाच्या जागाही उष्ण ठिपके म्हणून उमटतात. तपासलेल्या जुन्या साठ्यात अशा कायम जागांसाठी वेगळा संकेतांक असतो, ताज्या साठ्यात नसतो.

त्यापुढचा प्रश्न माणसांचा. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वनखात्याच्या दृष्टीने आगीचा हंगाम. हाच काळ मोह वेचण्याचा आणि तेंदूपत्त्याचा. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा मोकळी केली की फूल दिसतं. आगीचे ठिपके आणि मोहाचा हंगाम एकत्र दिसले म्हणून मोह वेचणाऱ्यांवर बोट ठेवणं सोपं आहे. पण कुठल्या ग्रामसभेने झाडाखाली जाळी अंथरायला सुरुवात केली, कुठे तेंदूच्या ठेकेदाराने आग लावायला सांगितलं, कुठे जाळरेषा वेळेत काढली गेली नाही, हे उपग्रहाला कळत नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले आणि वनाची राखण स्वतःच्या हातात घेतली. तिथे गावाची नोंद उपग्रहाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती कागदावर राहिली, तक्त्यात आली नाही, तर अभ्यासक उपग्रहाचंच ऐकेल, कारण त्याच्यापर्यंत तेवढंच पोचतं.

वाघांच्या नोंदींचं वेगळं. कॅमेरा ट्रॅपची ठिकाणं आणि गस्तीच्या नोंदी उघड्या नाहीत, आणि असू नयेत, शिकारीचा धोका खरा आहे. पण वनपरिक्षेत्र आणि महिना एवढ्या पातळीवर माणसांवरचे हल्ले, गुरांचे बळी आणि नुकसानभरपाईचे दिवस हे आकडे नियमित सीएसव्हीमध्ये द्यायला हरकत नसावी. आज ते माहिती अधिकाराच्या अर्जातून, तुकड्यातुकड्यांनी, छापील कागदावर येतात.

भूजल आणि नदीच्या पाण्याची गुणवत्ता यांच्याबद्दल थोडक्यात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते. केंद्रीय भूजल मंडळही चार वेळा मोजतं, पण त्याचे काही महिने वेगळे, विहिरी वेगळ्या, क्रमांक वेगळे. कुणी जमिनीखालची खोली देतं, कुणी समुद्रसपाटीपासूनची उंची, त्यामुळे एका रकान्यात मोठा आकडा चांगला आणि दुसऱ्यात वाईट. पाण्याच्या गुणवत्तेच्या तक्त्यात आकड्याच्या जागी ‘बीडीएल’ लिहिलेलं असतं, म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेखाली. त्याला शून्य मानणारा प्रोग्राम पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दाखवतो. आणि हवामानाच्या फाइलीतला उणे ९९९ हा पाऊस नसून नोंद नसल्याची खूण आहे. तो सरासरीत शिरला तर अख्खा हंगाम बिघडतो.

या सगळ्या साठ्यांना एकत्र आणताना सर्वांत वेळ खाणारी गोष्ट म्हणजे ठिकाणाची ओळख. पाण्याच्या गुणवत्तेच्या याद्यांत वैनगंगेवरचं आष्टी हे केंद्र गोंडपिपरी तालुका, जिल्हा चंद्रपूर असं लिहिलेलं आढळतं. आष्टी गाव नदीच्या पलीकडे, चामोर्शी तालुक्यात, गडचिरोली जिल्ह्यात आहे. जिल्ह्याच्या नावावरून गाळणी लावली तर जल आयोगाचं आष्टी एका जिल्ह्यात आणि प्रदूषण मंडळाचं आष्टी दुसऱ्या जिल्ह्यात पडतं, आणि एकाच घाटावरचं पाणी किती आणि कसं, हे कधी जुळतच नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला, त्याआधीचं सगळं चांदा किंवा चंद्रपूर या नावाखाली. वर्धेपलीकडचा आदिलाबाद २०१६ मध्ये विभागून कोमरम भीम आसिफाबाद जिल्हा झाला. तालुक्याचं नाव गोंडपिपरी, गोंडपिंपरी, आणि इंग्रजी अक्षरांत तर चार-पाच तऱ्हांनी. नावावर जोडलेला तक्ता इथे टिकत नाही. जनगणनेचे गावक्रमांक, पंचायत खात्याचे स्थानिक स्वराज्य संकेतांक आणि तपासलेले अक्षांश-रेखांश यांवरच तो उभा करावा लागतो.

म्हणून तांत्रिक बाजूने माझा आग्रह साधा आहे. आणलेली मूळ फाइल जशी आली तशी, आणल्याची वेळ लिहून, बाजूला जपून ठेवावी. तिच्यावर कधीही दुरुस्ती करू नये. केंद्रांची एक स्वतंत्र नोंद असावी. त्यात केंद्र कुठे आहे, कधीपासून आहे, कधी हललं, कोणत्या खात्यात त्याचं नाव काय, हे सगळं यावं. मोजमापांच्या तक्त्यात वेळ आंतरराष्ट्रीय घड्याळाची, एकक स्पष्ट, आणि आकडा मोजलेला, अंदाजलेला की गायब हे सांगणारी खूण. पोस्टग्रेस आणि पोस्टजीआयएस या फुकट साधनांत हे सगळं बसतं, एका साध्या संगणकावर चालतं. विद्यार्थ्यांना पायथन किंवा आरमधून त्याला जोडता यावं, पण फक्त वाचण्याच्या परवानगीने. पासवर्ड प्रोग्राममध्ये लिहून ठेवू नये. वीज आणि इंटरनेट इथे केव्हाही जातात, म्हणून आणणारा प्रोग्राम खंड पडला की मागचे दिवस पुन्हा मागेल असा लिहावा.

हे काम कुणी करावं? राष्ट्रीय डेटा सामायिकीकरण धोरण २०१२ चं आहे, माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम २००५ पासून स्वतःहून माहिती द्यायला सांगतं, तेव्हा खात्यांकडे मागणी चालूच राहायला हवी. पण सगळ्या खात्यांनी एका साच्यात यावं म्हणून वाट पाहण्यात पूर निघून जातात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालयं २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी जोडलेली आहेत. वैनगंगेचे दोन्ही काठ एकाच छताखाली असलेली या भागात तेवढीच मोठी ज्ञानसंस्था आहे, आणि नदीमुळे दोन जिल्ह्यांत विभागलेली आकडेवारी तिने जोडावी हे स्वाभाविक आहे. यासाठी मोठ्या प्रकल्पाची गरज नाही. संख्याशास्त्र, भूगोल आणि संगणकशास्त्र शिकवणारे दोन-तीन प्राध्यापक, आळीपाळीने जबाबदारी घेणारे विद्यार्थी आणि दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षांशी लेखी समजूत एवढ्यावर सुरुवात होते.

सुरुवातही लहान असावी. आष्टी, सकमूर आणि टेकरा या तीन केंद्रांची पातळी, गोसेखुर्दचा तासागणिक विसर्ग आणि गोंडपिपरी, चामोर्शी, आष्टी भागातल्या मंडळांचा पाऊस, एवढंच १ जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत न चुकता साठवावं. विसर्गाचे संदेश फोनवर येतात तोवर ते कुणी हाताने टाकले तरी चालेल. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू झाला की त्याच तक्त्यांत फर्म्सचे ठिपके आणि शेजारी ग्रामसभांनी कळवलेल्या आगी यायला लागाव्यात, दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत, म्हणजे उपग्रहाने काय पाहिलं आणि गावाने काय पाहिलं हे पुढे कधीही वेगळं वाचता येईल.